खर्जाचें वाद्य आणि परदेशची वाट



संगीताचा इतिहास लिहिणारा मनुष्य बहुधा पुढच्या रांगेकडे पाहून लिहितो. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या लग्नांत सनई वाजूं लागली म्हणजे मुख्य सनईवाला कोणाचा, कोठला, याची चौकशी मांडवांत हटकून होते; परंतु त्याच्या शेजारीं गाल फुगवून घटकाभर एकच सूर धरून बसलेल्या जोडीदाराचें नांव कोणी विचारीत नाहीं. हरिनाम सप्ताहांत कीर्तनकाराच्या मागें उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्यांची गतहि तीच. वास्तविक तो धरलेला सूर मध्येंच थांबला तर वरची सनई उघडी पडते, आणि मग गर्दीच्या ध्यानांत येतें कीं, आपण ऐकत होतों तें संगीत एकट्याचें नव्हतें.

या मागच्या रांगेंतील, खालच्या स्वरांच्या वादकांपैकीं एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. मुंबईंत जन्मलेले झुबीन मेहता हे वाद्यवृंदाचे संचालक म्हणून जगाला ठाऊक आहेत. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, तेल अवीव, फ्लॉरेन्स, म्यूनिक या शहरांतील वृंद त्यांच्या छडीच्या इशाऱ्यावर वर्षानुवर्षें वाजले. परंतु वयाच्या अठराव्या वर्षीं घर सोडून ते व्हिएन्नाला गेले, तेव्हां तेथें त्यांनीं जें वाद्य हातीं धरलें तें डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या गोतावळ्यांतील सर्वांत थोरलें आणि सर्वांत खालच्या स्वराचें वाद्य. छडीच्या बाजूनें त्यांचें चरित्र पुष्कळांनीं सांगितलें आहे. या वाद्याच्या बाजूनें पाहिलें तर मुंबईच्या इतिहासांतील एक दुखरी जागाहि दिसते. म्हणून हा मार्ग मीं पत्करला आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. डबल बेस उभा केला तर माणसाच्या डोक्यावर जातो. वाजविणारा उभ्यानें, किंवा उंच बैठकीवर टेकून, त्याला कवेंत घेतो. त्याला बहुधा चार तारा असतात. त्यांचे स्वर पाश्चात्य नांवांनीं ई, ए, डी, जी, म्हणजे प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेच्या मध्यमावर लाविलेली. कागदावर जो स्वर लिहिलेला असतो त्याच्या एक सप्तक खालीं हें वाद्य बोलतें. आपल्या तंबोऱ्याची शेवटची जाड तार, जिला आपण खर्ज म्हणतों, तिचें काम डबल बेस करतो असें म्हटलें तर निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखी होईल. खर्जाची तार एका स्वरावर अढळ असते. डबल बेस पावलोपावलीं जागा बदलीत वरच्या सगळ्या वाद्यांना आधार देतो. घर बांधतांना पायाचा दगड एकदां बसविला कीं बसला. येथें पायाच चालत असतो, आणि तरीहि घर ढळतां कामा नये.

१९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर या कारागिरानें याच चार स्वरांची, पण गळ्यांत अडकवितां येईल अशी, विजेची बेस गिटार बाजारांत आणली. आज रॉक संगीताच्या कडाक्यांत जो तरुण बाजूला उभा राहून ऐकणाऱ्याच्या छातींत धडधड उठवितो, तो वंशानें या डबल बेसचाच नातू होय. या नातवाची आणि आजोबाची एकदां प्रत्यक्ष गांठ पडली, ती हकीकत पुढें येईल.

झुबीन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. (शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबई पीत आली आहे, तेव्हां या मुलाच्या वाढींत आपल्याहि रानाचा थोडासा वांटा आहे, असें म्हणण्यास हरकत नसावी.) वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. त्यांचा जन्म १९०८ चा. १९३५ सालीं, म्हणजे झुबीन यांच्या जन्माच्या आदल्या वर्षीं, त्यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा हा वृंद उभा केला. हा वृंद कोणाचा होता, तें नीट पाहिलें पाहिजे. तंतुवाद्यांवर पारशी हौशी मंडळी आणि गोमंतकीय वादक होते. सुषिर वाद्यांवर बहुतांशीं आरमाराच्या बँडांतील लोक. सगळे जमत ते आवडीनें. उपजीविका प्रत्येकाची दुसरीकडे.

याच काळांत मुंबईला आणखी एक पाहुणा लाभला होता. वॉल्टर कॉफमन हे यहुदी संगीतकार १९३४ सालीं मध्य युरोप सोडून येथें आले आणि १९४६ पर्यंत राहिले. त्यांनीं स्थापिलेल्या चेंबर म्यूझिक सोसायटींत मेहली मेहता हे त्यांचे सहकारी होते. कॉफमन हे मुंबईच्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. आणि पहाटे केंद्र सुरू होतांना जी धून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों, ती त्यांचीच रचना. खेड्यांतला माणूस ती धून ऐकून बैलांना वैरण टाकण्यास उठे. ती एका परागंदा युरोपीयाची आहे हें त्याच्या स्वप्नींहि नसे. ती एकदां लक्ष देऊन ऐकावी. वर व्हायोलिन फिरतें आहे, आणि खालीं तंबोरा आहे. त्या काळच्या मुंबईंत वरच्या सुरावटीची वाण नव्हती. आधाराची मात्र होती, आणि तो असा मिळेल तेथून घ्यावा लागे.

गोमंतकीय वादकांविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे, कारण त्यांच्यावांचून या शहराचें पाश्चात्य संगीत उभेंच राहिलें नसतें. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. तीं मुलें मोठीं झालीं कीं पोटासाठीं मुंबईची वाट धरीत. रात्रीं हॉटेलांतून नाचासाठीं, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठीं, आणि सवड सांपडेल तेव्हां सिंफनीसाठीं ते वाजवीत. पहिल्या दोन ठिकाणीं दाम मिळे. तिसऱ्या ठिकाणीं मुख्यत्वेंकरून समाधान. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण सगळी हकीकत त्याच्यावर फिरते.

१९४५ सालीं मेहली मेहता इव्हान गॅलामियन या नामांकित गुरूकडे शिकण्यासाठीं न्यूयॉर्कला गेले, आणि मुलाच्या बाळपणाचीं कांहीं वर्षें पित्यावांचून गेलीं. १९४७ सालीं इंग्रज गेले. त्यांच्या पलटणींबरोबर त्यांचे बँडहि गेले. स्वातंत्र्याच्या आनंदांत या गोष्टीचें दुःख कोणी करावें असें नाहीं. पण बासऱ्या, कर्णे आणि शिंगें वाजविणारे हात एकदम कमी झाले ही गोष्ट खरी. मेहली परत आले, वृंद पुन्हां जमला, पुन्हां विस्कटला. झुबीन यांनीं कुमारवयांतच वृंदाच्या एकेका गटाची तालीम घेण्यास आरंभ केला होता, व सोळाव्या वर्षीं संपूर्ण वृंदाची तालीम ते घेऊं लागले. घरच्यांची इच्छा मुलगा डॉक्टर व्हावा अशी. सेंट झेविअर्स कॉलेजांत त्यांनीं त्या दिशेनें सुमारें दोन वर्षें काढलीं, आणि सोडून दिलीं.

येथें कोणी विचारील, कीं ज्या मुलाला सोळाव्या वर्षीं अख्खा वृंद हाताळावयास मिळाला त्याला परदेशीं जाण्याची निकड काय होती? उत्तर त्या वृंदाच्या घडणींतच आहे. पूर्ण वाद्यवृंदास शंभराच्या आसपास वादक लागतात. त्यांत डबल बेस आठ. हे आठहि जण रोज, एकत्र, एकाच गजाच्या ओढीनें वाजविणारे असावे लागतात. दोघे उत्तम आणि सहा जमविलेले असें करून भागत नाहीं. कारण खालचा स्वर केसभर हलला तर वरच्या साठ तंतुवाद्यांना आपण बेसूर आहों कीं काय, अशी शंका येते. रोज एकत्र वाजविण्यासाठीं वेतन हवें. वेतनासाठीं नगराचा, सरकारचा किंवा धनिकांचा कायमचा आश्रय हवा. मुंबईंत यांपैकीं कांहींहि नव्हतें. हौसेच्या बळावर एखादी संध्याकाळ साजरी होते. परंपरा उभी राहत नाहीं. मेहली मेहतांच्या घरीं संगीत भरून वाहत होतें, परंतु आठ डबल बेस एका श्वासानें वाजतांना काय होतें, हें त्यांच्या मुलाला मुंबईंत ऐकावयास मिळणें शक्यच नव्हतें.

१९५४ सालीं झुबीन व्हिएन्नाला पोंचले. तें शहर त्या वेळीं दोस्त राष्ट्रांच्या चार सैन्यांच्या ताब्यांत होतें. सुटका झाली १९५५ सालीं. बाँबहल्ल्यांत जळालेलें तेथील ऑपेरागृह त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुन्हां उघडलें. अशा जखमी नगरींत, पहिल्याच दिवसांत, त्यांनीं व्हिएन्ना फिलहार्मोनिक वृंदाकडून ब्राम्स याची पहिली सिंफनी ऐकली. संचालक कार्ल बोह्म. त्या सिंफनीचा आरंभच खालच्या स्वरावर दुंदुभीच्या अखंड ठोक्यांनीं होतो, आणि डबल बेस त्या ठोक्यांना चिकटून राहतो. तो नाद आपणांस जन्मभर माप म्हणून पुरला, असें मेहतांनीं पुढें वेळोवेळीं सांगितलें आहे. मला तर असें वाटतें कीं, मुंबईंतील अठरा वर्षांची उणीव त्या एका संध्याकाळीं त्यांच्या कानाला कळली.

संचालनाचे त्यांचे गुरु हान्स स्वारोव्स्की. पण गुरुजींच्या वर्गांत हात हलवावयास शिकणें निराळें, आणि वृंदांत शिरून तो आंतून पाहणें निराळें. त्यासाठीं वाद्य पाहिजे. पियानो आणि व्हायोलिन वाजविणारे त्या शहरांत पैशाला पासरी. त्यांच्यांत परक्या मुलाला जागा कोठून मिळणार? खर्जाच्या वाद्याकडे वळणारे नेहमींच थोडे. झुबीन यांनीं डबल बेस घेतला. यांत शहाणपण होतेंच, आणि एक फायदाहि होता. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या सभागृहांत डबल बेसवाल्यांची ओळ सर्वांच्या मागें भिंतीला पाठ लावून, संचालकाच्या अगदीं समोर उभी असते. तेथून जें दिसतें तें पुढच्या खुर्चीवरून दिसत नाहीं: संचालकाचा चेहरा, आणि सगळ्या वादकांच्या पाठी. कोण केव्हां श्वास घेतो, कोण चुकण्याच्या बेतांत आहे, हें मागच्या रांगेला आधीं कळतें.

याच काळांतील एक गंमतीची परंतु बोधप्रद गोष्ट सांगितली पाहिजे. मोठमोठ्या संचालकांच्या तालमींना विद्यार्थ्यांस बसूं देत नसत. तेव्हां झुबीन आणि त्यांचा इटालियन सहाध्यायी क्लाउडिओ अबादो या दोघांनीं ‘सिंगफेराइन’ नांवाच्या गायकवृंदांत नांव घातलें, आणि तेथेंहि ते खर्जाच्या गायकांतच उभे राहिले. अशा रीतीनें ब्रूनो वॉल्टर आणि हर्बर्ट फॉन काराजान यांच्या तालमी त्यांनीं राजरोस पाहिल्या. दोन भावी संचालक, आणि दोघांचीहि शाळा मागच्या रांगेंत. अबादो पुढें बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले.

१९५६ च्या हिंवाळ्यांत हंगेरींतील उठाव रशियन रणगाड्यांनीं चिरडला व लाखावर माणसें सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियांत आलीं. मेहतांनीं विद्यार्थ्यांचा वृंद घाईघाईनें जमविला आणि व्हिएन्नाजवळील एका निर्वासित छावणींत नेऊन वाजविला. वीस वर्षांच्या परदेशी मुलानें हें करावें, याचें मला नवल वाटत नाहीं. ज्याच्या घरीं वृंद नेहमीं जमवूनच उभा केला जाई, त्याला जमवाजमव कोणी शिकवावयास नको होती. मुंबईच्या उणिवेनेंहि कांहींतरी दिलें होतें, तें असें.

यापुढची चढती कमान वृत्तपत्रांतून पुष्कळ येऊन गेली आहे, म्हणून लवकर आटोपतों. १९५७ सालीं पदविका. १९५८ सालीं लिव्हरपूल येथील स्पर्धेंत पहिलें पारितोषिक. दुसऱ्या संचालकांच्या आजारपणांमुळें मिळालेल्या संधि. १९६१ पासून माँट्रिऑल. १९६२ पासून, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक. १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकशीं त्यांचा संबंध सर्वांत दीर्घ. तेथून ते २०१९ सालीं निवृत्त झाले. भारत सरकारनें त्यांस १९६६ सालीं पद्मभूषण आणि २००१ सालीं पद्मविभूषण दिलें.

आतां वाद्याकडे परत येऊं. संचालक झालेला मनुष्य सहसा आपलें वाद्य खुंटीला टांगतो. मेहतांचा डबल बेस मात्र एकदां सर्व जगानें पाहिला. शुबर्ट या व्हिएन्नाच्या संगीतकारानें १८१९ सालीं पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस या पांच वाद्यांसाठीं एक रचना केली. ‘ट्राउट’, म्हणजे एका चपळ माशाच्या नांवानें, ती ओळखली जाते. पंचकांत डबल बेस घेणें हा त्या काळीं विरळा प्रकार. शुबर्टनें तो कां घेतला, तें ऐकतांच कळतें: खालची बाजू डबल बेसनें उचलली म्हणजे चेलोला वर येऊन गातां येतें, आणि पियानोचा डावा हात मोकळा होतो. १९६९ च्या ऑगस्टांत लंडन येथें पांच तरुणांनीं ती वाजविली आणि ख्रिस्तोफर नूपेन यांनीं तिचा चित्रपट घेतला. पियानोवर डॅनिएल बॅरेनबॉइम, व्हायोलिनवर इट्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन, चेलोवर जॅकेलिन दु प्रे, आणि मागें डबल बेस घेऊन उभे झुबीन मेहता. मैफलीपूर्वीं एकमेकांचीं वाद्यें पळवून या मंडळींनीं जो दंगा केला तोहि चित्रपटांत आहे. चार वर्षांनीं, १९७३ सालीं, दु प्रे हिचे हात असाध्य रोगानें थांबले. १९८७ सालीं ती निवर्तली. त्यामुळें आज तो चित्रपट पाहतांना त्या हास्याखालीं एक खोल स्वर ऐकूं येतो, जो त्या दिवशीं कोणाला ठाऊक नव्हता. मेहता त्यांत कोठेंहि पुढें येत नाहींत. त्या वेळीं ते लॉस एंजेलिसच्या वृंदाचे प्रमुख होते, जगभर त्यांचा बोलबाला होता; तरी अर्धापाऊण तास ते इतरांच्या गाण्याला पायरी देत उभे आहेत.

दुसरा प्रसंग अगदीं निराळ्या जातीचा. १५ मे १९७० रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या क्रीडागृहांत फ्रँक झापा या बंडखोर रॉक संगीतकाराचा जथा आणि मेहतांचा फिलहार्मोनिक वृंद एकत्र वाजले. एका बाजूला विजेची बेस गिटार, दुसऱ्या बाजूला लांकडी डबल बेस. आजोबा आणि नातू समोरासमोर. सनातनी रसिकांना अशा संगमाचा विटाळ वाटतो, आणि रॉकचे भक्तहि सिंफनीला म्हातारी समजतात. त्या दिवसाचें संगीत सर्वांगसुंदर होतें असा दावा मी करणार नाहीं. पण आपल्या वृंदाच्या प्रतिष्ठेला न भितां मेहता त्यांत उतरले, याचें कारण मला त्यांच्या विद्यार्थिदशेंत दिसतें. मागच्या रांगेंत उभें राहिलेल्या माणसाला वाद्यांची जातपात थोडी कमीच दिसते. पुढें १९८१ सालीं रविशंकर यांची सतार आणि न्यूयॉर्कचा वृंद यांना त्यांनीं असेंच एकत्र बसविलें.

आतां दुखऱ्या जागेकडे. मेहता देश सोडून गेले, हें चांगलें झालें कीं वाईट? ‘आपल्या मुलानें परक्यांची सेवा केली’ असें म्हणणारे आपल्याकडे आहेत, आणि ‘पाहा, आमच्या मुलानें जग जिंकलें’ असें म्हणून मिशीवर ताव देणारेहि आहेत. हे दोघेहि एकच गोष्ट विसरतात: त्यांना येथें ठेवावयास आपल्याजवळ कांहीं नव्हतें. त्यांचे वडीलच १९५५ सालीं मँचेस्टरच्या हॅले वृंदांत व्हायोलिन वाजविण्यास गेले, आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झाले. ज्यानें मुंबईचा वृंद उभा केला तोच दुसऱ्याच्या वृंदांत खुर्ची शोधीत गेला, यापेक्षां स्पष्ट साक्ष कोणती हवी? झुबीन यांनीं भारताचें नागरिकत्व सोडलें नाहीं. १९६७ सालीं लॉस एंजेलिसचा, १९८४ सालीं न्यूयॉर्कचा व १९९४ सालीं इस्रायलचा वृंद त्यांनीं मुंबईंत आणून वाजविला. माहेरीं येणाऱ्या मुलीप्रमाणें तो प्रत्येक वेळीं भरल्या हातानें आला, आणि परत गेला. वृंद कांहीं मागें राहिला नाहीं.

आणि जे राहिले त्यांचें काय झालें? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचें उदाहरण घ्या. व्हायोलिनवादक, चित्रपटसंगीताचे रचनाकार, अनेक नामवंत संगीतकारांचे गुरु. त्यांनीं १९५८ सालीं आपला इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकांत हिंदुस्थानी राग पाश्चात्य वृंदाकडून वाजवून दाखविले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. तोहि वृंद टिकला नाहीं. गोन्साल्विस १९६५ सालीं अमेरिकेस गेले. बाकीचे शेंकडों वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत राहिले. आपण शहापूरच्या बाजारांत किंवा मुरबाडच्या एस्‌टी स्टँडावर जीं जुनीं हिंदी गाणीं ऐकलीं, त्यांच्या खालचा गंभीर स्वर या मंडळींच्या हातचा आहे. तबकडीवर त्यांचीं नांवें छापलीं नाहींत. मांडवांतल्या सूर धरणाऱ्याची ती कथा येथें शेंकडों पटींनीं मोठी झाली, आणि मेहतांच्या कीर्तीच्या उजेडांतहि ती अंधारांतच राहिली. माझ्या मतें हें त्यांच्या परदेशगमनापेक्षां अधिक लागणारें आहे.

मुंबईंत पगारी वृंद अखेर २००६ सालीं उभा राहिला. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीतनाट्य केंद्रानें कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या साह्यानें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. मेहली मेहतांच्या १९३५ च्या प्रयत्नापासून मोजलें तर एकाहत्तर वर्षें झालीं. आरंभीं त्यांतील बहुतेक वादक कझाकस्तान व इतर देशांतून आणावे लागले, कारण येथें तितके तयार नव्हते. मग मुलांसाठीं शाळा काढली. २०२३ च्या ऑगस्टांत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, झुबीन मेहता या वृंदापुढें छडी घेऊन आले. समोर डबल बेसांची ओळ होती.